तीन नवे, एक जुना

१

भिंत पाडून चौथा दिवस उजाडला, तेव्हा कळलं की तिच्यावरच्या चित्राचा एकही फोटो धड आलेला नाही.

चित्र जुन्या इस्पितळाच्या बसायच्या हॉलमधलं होतं. तीस फूट लांब, नदीकाठी कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचं. कोणी रंगवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. इमारत मोडकळीला आली म्हणून पाडायची ठरली आणि त्याआधी चित्राचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून, ते त्याच मापात छापून नव्या इमारतीत लावायचं काम स्टुडिओला मिळालं. चित्रावर चकचकीत वार्निश होतं. ती चकाकी मारायला लेन्सच्या तोंडावर पोलरायझर नावाचा फिल्टर लावतात. काळपट काच असते, फिरवली की चकाकी निघून जाते. इथे निघून गेली नव्हती. मोठ्या पडद्यावर फोटो उघडले, तर साऱ्या बायकांच्या तोंडावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर. पुन्हा काढावेत तर भिंतीचा राडारोडा ट्रकमधून कधीच गेला होता.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत टेबलावर चार फिल्टर मांडले होते. तीन नवे, एक जुना. टेबलाभोवती चार माणसं.

धाकटे मालक येरझारा घालत होते. फोटो काढणारा लंबू आपली उंची कुठे लपवावी ते न कळून कपाटाला टेकला होता. वहिनी खुर्चीत ताठ बसली होती. वहिनी म्हणजे धाकट्यांच्या थोरल्या भावाची बायको. थोरले पाच वर्षांपूर्वी गेले, स्टुडिओतला त्यांचा अर्धा वाटा तिच्या नावावर आला, आणि कपाटाच्या किल्ल्या व खरेदीही तिच्याकडे आली. तिनेच दोन महिन्यांपूर्वी हे तीन पोलरायझर ऑनलाइन मागवले होते, जवळजवळ निम्म्या किमतीत.

आणि चौथे मास्तर. चाळीस वर्षं लेन्स दुरुस्त करणारे, थोरल्यांचे जिवलग. गावातला कुठलाही कॅमेरेवाला काही विकत घ्यायचं म्हटलं की आधी मास्तरांना दाखवायचा. मास्तर बघायचे आणि रिंगच्या आतल्या बाजूला सुईने बारीक ठिपका टोचायचे. नुसतं तपासलं तर एक, उघडून स्वतः काम केलं तर दोन. या ठिपक्याच्या मालाला बाजारात वेगळी किंमत यायची. मास्तरांना याचा गर्व नव्हता असं कोणी म्हणत असेल, तर तो त्यांना भेटलेलाच नसणार.

"कोणते लावले होतेस?" मास्तरांनी लंबूला विचारलं.

"नवेच," लंबू म्हणाला आणि त्याने धाकट्यांकडे पाहिलं.

मास्तरांनी एक नवा उजव्या तळहातावर घेतला, जुना डाव्या. वजनाचा अंदाज घेतला. रिंगवरून अंगठा फिरवला. भिंग खिशातच राहिलं.

"रिंग पातळ आहे. वजन हलकं. अक्षरंही वेगळी. आणि निम्म्या किमतीत कोणी चोख माल विकतो का? नकली आहेत."

वहिनीने एवढंच विचारलं, "कशाच्या मानाने नकली, मास्तर?"

"या जुन्याच्या मानाने. हा थोरल्यांचा आहे. याच्यावर माझी खूण आहे."

"खूण नीट बघितलीत?"

मास्तरांना ते झोंबलं. "वहिनी, माझी खूण मला बघावी लागत नाही. बोटाला कळते."

ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग कमरेच्या किल्ल्या काढून तिने टेबलावर ठेवल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत ती निघून गेली.

२

दोन दिवसांनी धाकटे मालक स्वतः मास्तरांच्या दुकानात आले. चारही फिल्टर, नव्यांच्या खोक्यांसकट, त्यांनी काउंटरवर ठेवले.

"तुम्ही परवा तोंडी सांगितलंत, ते दोन ओळींत लिहून द्या. इस्पितळवाल्यांना जबाबदार माणूस दाखवावा लागेल."

"आणि वहिनी?"

"त्यांना वाटा सोडायला सांगितलंय. बाजारात नाव गेलंय स्टुडिओचं. मी तरी किती पांघरूण घालू?"

"उद्या देतो," मास्तर म्हणाले.

मास्तरांची एक रीत होती. तोंडी ते काय वाटेल ते बोलायचे, पण कागदावर सही करायची तर भिंग लावल्याशिवाय नाही. अडचण अशी की गेलं वर्षभर भिंगातूनही त्यांना धुकंच दिसत होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन करा म्हणून लेक कानीकपाळी ओरडत होती आणि मास्तर ते पुढे ढकलत होते, कारण डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला लेन्सवाला लोकांनी पाहिला असता. गिऱ्हाइकांसमोर ते बोटांनी बघायचे आणि बघितल्यासारखं करायचे. हे फक्त लेकीला माहीत आहे, असं त्यांना वाटायचं.

तिला त्यांनी शेजारी बसवलं. "मी विचारतो, तू सांग. जे दिसेल तेच सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून नाही."

"आधी खोकी सांगते," लेक म्हणाली. "तिन्हींचे कोपरे चेपलेत. बाजूला पट्टी लावलीय, खोकं खराब, माल नवा."

मास्तर चुळबुळले. स्वस्त का, याचं उत्तर खोक्यावरच चिकटवलेलं होतं. त्यांनी खोकी मागितलीच नव्हती.

"नंबर?"

"तिन्हींवर वेगवेगळे. कंपनीच्या वेबसाइटवर घालून बघितले, तिन्ही सापडतात. पातळ रिंगचा फोटोही आहे तिथे, नवी घडण म्हणून."

"नंबर काय, कोणीही छापेल. आता आटे बघ. लेन्सवर फिरवून बसवतात ना, त्या आट्यांवर काळा रंग असतो. धातूवर धातू एकदा जरी फिरला, तरी कडेला रंग खरवडून चंदेरी रेघ येते."

तिने भिंग डोळ्याला लावलं. पहिला फिल्टर फिरवून पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला जरा जास्तच वेळ लावला.

"कुठेच रेघ नाही, बाबा. सगळा रंग जागच्या जागी आहे."

"तिन्हींवर?"

"तिन्हींवर. हे फिल्टर लेन्सवर कधी चढलेलेच नाहीत."

३

लंबू एका फर्निचरच्या दुकानात खुर्च्यांचे फोटो काढत होता. स्टुडिओच्या पगारात भागत नव्हतं म्हणून अशी बाहेरची कामं घ्यायचा. मास्तरांना दारात पाहून त्याचा चेहरा उतरला.

"भिंतीला कोणता फिल्टर लावला होतास?"

"सांगितलं ना मास्तर, नवेच."

"आट्यांवर एक ओरखडा नाही. हवेत धरून फोटो काढलेस का?"

लंबूने कॅमेरा खाली ठेवला. किमतीची चिठ्ठी लटकत असलेल्या एका खुर्चीत तो बसला आणि एकदम लहान दिसायला लागला.

"ऑनलाइनचे, निम्म्या किमतीचे. चार दिवसांत भिंत पाडणार होते. मी म्हटलं, एवढं मोठं काम, भलता धोका कशाला? खात्रीचा होता तो लावला. जुना."

"वहिनींनी काय सांगितलं होतं?"

"बजावून सांगितलं होतं, नवेच लाव म्हणून. दोनदा."

"आणि फोटो खराब येताहेत ते दिसलं नाही तुला?"

"कॅमेऱ्याच्या पडद्यावर जरा पांढुरकं दिसत होतं. फिरवल्यावर थोडं कमीही व्हायचं. वाटलं, वार्निशवरची धूळ असेल. चाळीस वर्षांची भिंत ती. फिल्टरवर शंका घ्यायचं डोक्यातच आलं नाही."

"मग खोटं का बोललास?"

लंबूने मान वर केली नाही. "तुम्ही स्टुडिओत आलात त्याच्या आदल्या दिवशीच सगळं खरं मी धाकट्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, जुना लावला म्हणालास तर चूक तुझी, नवे लावले म्हणालास तर चूक खरेदीची. बघ तुला काय परवडतं. मास्तर, मला दोन मुली आहेत."

मास्तर खवळले. एका बाईला तिच्या नवऱ्याच्या स्टुडिओतून बाहेर काढायला एवढंसं पुरलं होतं. एका माणसाची भीती आणि दुसऱ्याची हाव, आणि वर शिक्का मारायला ते स्वतः.

ते वळले, तसा लंबू मागून म्हणाला, "पण मास्तर, एक कळत नाही. जुना तर तुमचा पास केलेला. मग फोटो बिघडले कसे?"

४

रस्ताभर मास्तरांच्या डोक्यात तोच प्रश्न होता. दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी लेकीला हाक मारली.

"दोन पोलरायझर समोरासमोर तोंड करून एकावर एक धर. मागे दिवा. आता वरचा हळूहळू फिरव. दोन्ही चोख असतील तर पाव फेऱ्यात दिवा दिसेनासा व्हायला हवा."

तिने पहिल्या नव्यावर दुसरा नवा धरला. "झाला. काळाकुट्ट."

"दुसऱ्यावर तिसरा?"

"काळाकुट्ट."

"आता कुठल्याही नव्यावर जुना."

तिने फिरवला. उलटा फिरवला. दुसरा नवा घेऊन फिरवला, मग तिसरा. "जांभळट होतो, बाबा. दिवा दिसतोच आहे. तिन्हींबरोबर तसंच."

तीन अनोळखी फिल्टर एकमेकांची साक्ष देत होते आणि ज्याची त्यांनी चारचौघांत ग्वाही दिली होती तो एकटा पडला होता.

"काचेत ट्यूबलाइट बघ. कशी दिसते?"

"नव्यांत अगदी मंद. काळपट हिरवी, नसल्यासारखी. जुन्यात पांढरीफटक."

चांगल्या काचेवरचा लेप प्रकाश गिळतो, परत फेकत नाही. हे मास्तरांनी आजवर शंभर जणांना शिकवलं असेल. त्या दिवशी स्टुडिओत डोक्यावर ट्यूब जळत होती. फिल्टर नुसता वर उचलायचा होता. पण मास्तरांना हल्ली प्रत्येक दिव्याभोवती खळं दिसायचं, म्हणून त्यांनी वर पाहणंच सोडलं होतं.

"रिंग तर अस्सल आहे," ते म्हणाले. "पितळी, जड. ती माझ्या हातून गेलेली आहे. म्हणजे आतली काच कोणीतरी बदलली. कोणी? धाकट्यांना यातलं ओ की ठो कळत नाही. लंबू करेल? काच धरून ठेवणारी आत एक बारीक चकती असते बघ, तिला समोरासमोर दोन खाचा असतात. त्या खाचा सांग. लंबूने कात्रीच्या टोकाने नाहीतर सुरीने उघडली असेल तर ओरखडे असणार."

"ओरखडे नाहीत. खाचा एकदम स्वच्छ आहेत."

"मग बरोबर हत्यार वापरलंय. दोन टोकांची पकड. हाताने घडवून घ्यावी लागते ती, या गावात ती दुसऱ्या कोणाकडे..."

ते बोलता बोलता थांबले. समोरच्या भिंतीवर खिळ्याला ती पकड टांगलेली होती. लेक तिच्याकडेच बघत होती, एवढं त्यांना धुक्यातूनही कळलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "इथे तुमचे ठिपके दोन आहेत."

 मास्तरांना एकेक करून सगळं आठवलं. थोरले जिन्यात पडले होते, तेव्हा खिशातला फिल्टर तडकला. दुसऱ्या दिवशी त्यांचं काम होतं. मास्तरांनी खणात पडलेल्या एका भिकार फिल्टरची काच काढून त्या रिंगमध्ये बसवली. उद्याचं काम भागेल, आठ दिवसांत चांगली मागवतो, असं म्हणाले. थोरल्यांचं ते पडणं साधं नव्हतं. त्याच महिन्यात ते गेले. मित्राच्या दुःखात काचेचं कोणाला सुचणार? स्टुडिओचं काम माणसांचे फोटो काढायचं, पोलरायझर वर्षाकाठी एकदा लागला तर लागला. फिल्टर कपाटात पडून राहिला, मास्तरांची खूण अंगावर घेऊन, अस्सल म्हणून.

आणि त्याच्याशी ताडून त्यांनी खऱ्या मालाला नकली ठरवलं होतं. हाताशी धरलेलं मापच खोटं असू शकतं, हे गावातल्या कोणाच्याही मनात आलं नव्हतं, कारण माप मास्तरांचं होतं.

५

"छान शोध लावलात," धाकटे मालक म्हणाले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, मधे एकदाही तोडलं नव्हतं. "पण उशीर झाला. वहिनींनी कालच सही केली."

"माझं पत्र यायच्या आधी?"

"पत्र इस्पितळासाठी हवं होतं. घरात तुमचा शब्द पुरला. मी त्यांना विचारलं, मास्तर खोटं बोलतील का? त्या नाही म्हणाल्या आणि सही केली."

"लंबूला तुम्ही खोटं बोलायला लावलंत."

"हे लंबू चारचौघांत सांगणार आहे?" धाकटे हसले नाहीत, उलट समजूत घातल्यासारखं बोलले. "मास्तर, घरचं समजून सांगतो. काच तुम्ही बदललीत. खूण तुमची. नकली ठरवलंत तेही तुम्ही. मी कुठे आहे यात? हे बाहेर गेलं तर टाळं कोणाच्या दुकानाला लागेल, तेवढा विचार करा. डोळ्यांचं ऐकलंय मी. कुठे बोललेलो नाही."

मास्तर उठले. त्यांना या माणसाचा संताप यायला हवा होता, आणि तो आलाही, पण त्याच्या बोलण्यातलं एकही वाक्य खोडून काढता येईना.

घरी जाऊन त्यांनी लेकीकडून कागद लिहून घेतला. नवे तिन्ही अस्सल आहेत. भिंतीचे फोटो जुन्या फिल्टरने काढले, हे लंबूने माझ्याजवळ कबूल केलं. त्या फिल्टरची काच मीच बदलली होती. माझ्याकडून नजरचुकीने उलटा निर्णय दिला गेला. खाली सही केली. सही रेघेवर आली की नाही, हे लेकीला विचारावं लागलं.

६

वहिनी बहिणीकडे राहायला गेली होती. खोली छोटी होती, कोपऱ्यात तिची एकच पेटी होती आणि खिडकीत कुठलीशी कुंडी. तिने मास्तरांना बसायला दिलं, पाणी दिलं. मास्तरांनी सगळं सांगितलं. सांगताना मान खाली होती, त्यामुळे ती कशी ऐकतेय ते त्यांना दिसलं नाही, आणि वर करूनही फारसं दिसलं नसतं.

"वहिनी, ती काच मीच बसवली होती," त्यांनी शेवटी म्हटलं.

"मला माहीत आहे."

मास्तरांनी मान वर केली.

"मी होते ना तिथे. दुकानातली वीज गेली होती, टॉर्च मीच धरला होता. काच बसवून झाल्यावर तुम्ही दोन ठिपके टोचलेत आणि मला दाखवलेत. म्हणालात, वहिनी, एक म्हणजे नुसतं पाहिलं, दोन म्हणजे मी हात घातला. कधी वाद झालाच तर हे दाखवा. म्हणून तर मी तीन नवे मागवले. तो कामचलाऊ आहे, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"बोलले की. खूण नीट बघा म्हटलं."

"स्पष्ट सांगायचं होतंत."

"कोणाला? भाऊजींना? खरेदी माझी, आरोप माझ्यावर. मी म्हटलं असतं जुनाच खोटा आहे, तर ती अंग काढून घेणाऱ्या बाईची सबब झाली असती. तुम्ही पाहिलं असतं तर सगळ्यांना मान्य झालं असतं." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, तुम्ही खिशातून भिंग काढाल. त्यांचे मित्र तुम्ही. माझ्यासाठी एवढं तरी कराल. मी वाट बघितली. तुम्ही अंगठा फिरवलात."

"मला दिसत नाही हो," मास्तर म्हणाले. वर्षभरात हे वाक्य त्यांनी लेकीशिवाय कोणासमोर उच्चारलं नव्हतं.

"मग दिसत नाही म्हणायचं होतंत."

 मास्तरांनी कागद पुढे केला. वहिनीने तो खिडकीशी नेऊन सावकाश वाचला.

"याचा उपयोग होईल?" त्यांनी विचारलं. "वकिलांना दाखवा. मी कुठेही येऊन सांगेन."

"वकील म्हणतात, सही राजीखुशीने केलेली आहे, सुटणं कठीण. तरी दाखवीन." ती परत आली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवून तिने एका ओळीवर बोट टेकवलं. त्यांना ओळ दिसत नाही हे लक्षात आल्यावर तिने ती वाचून दाखवली. "नजरचुकीने, असं लिहिलंय. ते बरोबर नाही."

"मग काय लिहू?"

"नजरेची चूक व्हायला आधी बघावं लागतं, मास्तर. तुम्ही बघितलंच नाही."

तिने पेन दिलं. मग त्यांचं मनगट धरून पेनाचं टोक नेमकं त्या शब्दावर नेऊन टेकवलं. टॉर्च धरला होता तेव्हा तिचा हात जसा स्थिर होता, तसाच आताही होता. मास्तरांनी शब्द खोडला आणि वर चाचपडत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'न पाहता'.

वहिनीने कागदाची घडी घातली, पेटीत ठेवली आणि त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली, कारण जिन्याला पायऱ्या पुष्कळ होत्या.